उंडो, ६० गोळ्या आणि पोफळीची विरी

कुत्र्याने स्वतःची शी खाऊ नये म्हणून द्यायच्या चघळगोळ्या. डबीत ६०, किंमत ८४९ रुपये. पुण्याला असलेल्या मुलीने ऑनलाइन मागवून आमच्या पत्त्यावर पाठवल्या. दहापैकी गुण: एक. तो एकही अशासाठी, की उंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, त्यांची चव फार आवडली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. मुलीने मला आधी अशाच चार-पाच डब्यांचे फोटो पाठवले होते. डबीवरचं कुत्रं बदलतं, आतलं सामान बहुतेक तेच. आणि या डबीच्या मागोमाग आमच्या घरात इतक्या वस्तू आणि इतके सल्ले आले, की आता सगळ्यांचेच पेपर तपासून टाकते.

मी म्हार्दोळला राहते. प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, २९ वर्षं झाली, त्यामुळे गुण दिल्याशिवाय चैन पडत नाही. घरात मी, नवरा, सासूबाई आणि उंडो. आम्ही बोलतो कोकणी आणि लिहायला बसलो की मराठी लिहितो, गोव्यात अशी घरं पुष्कळ. उंड्याला मात्र फक्त कोकणी कळते. याचा संबंध पुढे येईल.

नावाचं सांगते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों-पों करत येतो, त्याच्या टोपलीत पोळी, काकणं अशा नावांचे पाव असतात, तसा उंडोही असतो. गोल, वरून कडक, आतून मऊ पाव. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या पोदेराच्या भट्टीमागे कुत्रीला सात पिल्लं झाली. त्यातलं सगळ्यात गोल होतं ते नवऱ्याने पावाच्याच पिशवीत घालून आणलं. गावठी कुत्रा, तांबूस, कान एक उभा एक पडलेला. सात भावंडांत ढकलाढकली करून दूध प्यायलेला असल्यामुळे खाण्याच्या बाबतीत त्याचा अजून कोणावर विश्वास नाही. ताटली खाली टेकायच्या आत निम्मी रिकामी.

जूनमध्ये पाऊस लागला आणि एका सकाळी सासूबाई आंघोळ करून, तांब्याची लोटी घेऊन तुळशीला पाणी घालायला अंगणात गेल्या. मी चहा गाळत होते. बाहेरून हाक आली, “पळय गो, खाता तो!” म्हणजे बघ गं, खातोय तो. मला वाटलं पावाचा तुकडा पळवला. बाहेर येऊन बघते तर वृंदावनाच्या मागे उंडो मान खाली घालून बसलाय आणि मन लावून स्वतःचीच शी खातोय. सासूबाई लोटी तशीच धरून परत आत, पुन्हा न्हाणीघरात. त्या दिवशी तुळशीला पाणी सव्वानऊला मिळालं.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. हा ओरडत मागे, उंडो तोंडात ऐवज घेऊन पुढे, वृंदावनाला पाच प्रदक्षिणा. उंड्याला तो खेळ वाटला. चार दिवसांत त्याने धडा घेतला, पण वेगळाच: शी झाली की ती माणूस यायच्या आत संपवायची. आधी तो हुंगून, फिरून, विचार करून खायचा, नंतर वळायचा आणि गिळायचा. ओरडण्याला शून्य गुण. खरं म्हणजे उणे.

याच सुमारास डबी आली.

वजनाच्या कोष्टकाप्रमाणे १४ किलोच्या कुत्र्याला सकाळी एक, रात्री एक. महिन्याचा कोर्स. मी चष्मा लावून घटक वाचले: मोनोसोडियम ग्लुटामेट, युक्का नावाच्या झाडाचा अर्क, पपईतलं पपेन, चिकनची चव. पहिलं नाव मोठ्याने वाचल्यावर नवरा म्हणाला, “म्हणजे गोबी मंच्युरियनवाले घालतात तेच ना?” तेच. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनवर बंदी घातली होती, ती कृत्रिम रंगासाठी आणि अस्वच्छतेसाठी, तेव्हा देशभर बातमी झाली. आता तोच मसाला आमच्या घरात औषध म्हणून आलेला. यातलं तत्त्व असं म्हणे, की हे पदार्थ पचनातून बाहेर पडताना शीला वाईट चव देतात आणि कुत्रा ती सोडतो. मला साधा प्रश्न पडला. मुळात तिची चव चांगली होती असं कोणी ठरवलं? ज्याला आधीची चालली त्याला ही का चालू नये?

तरी दिल्या. शाळेतल्या हजेरीच्या जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, गोळी, किती वेळा शी, किती वेळा खाल्ली. पहिले आठ दिवस बघून मी चकित झाले. खाल्ली: शून्य, शून्य, एक, शून्य. मुलीला फोन करून सांगितलं, पैसे वसूल झाले गं. तिने लगेच तिकडे संकेतस्थळावर पाच तारे टाकायची तयारी केली. मी म्हटलं, थांब, चाचणी परीक्षेवर निकाल लावू नये.

नवव्या दिवशी डबीमागची बारीक अक्षरं वाचत होते, तेव्हा शेवटची ओळ सापडली. कोर्स चालू असताना कुत्र्याची विष्ठा तत्काळ उचलावी.

आता बोला. गेले आठ दिवस मी तेच करत होते! डबी आल्यापासून वही भरायची म्हणून मी त्याच्या मागे-मागे होते, शी झाली की नोंद, नोंद झाली की उचल. समोर नसलेली वस्तू कोण खाणार? म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी गोळ्या तशाच चालू ठेवल्या आणि दोनदा मुद्दाम उचलली नाही, खिडकीतून पाहत राहिले. दोन्ही वेळा त्याने खाल्ली. एकदा तर मला वाटलं, नेहमीपेक्षा आवडीने. शाळेत पालकसभा होती त्या बुधवारी घरी कोणी लक्ष दिलं नाही, त्या दिवशीही खाल्ली. १९ व्या दिवशी मी डबी बंद केली. ३८ गोळ्या गेल्या, २२ उरल्या.

पाच तारे देणारे सगळे लोक खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. बऱ्याच जणांच्या घरी पिल्लू असतं आणि मोठं होताना त्यातल्या काहींचं ते आपोआप सुटत असेल. बाकीच्यांनी माझ्यासारखीच आठ दिवस नजर ठेवली असेल. श्रेय गोळीने घेतलं. ज्याच्या घरी शिकवणी लावलेली असते त्या मुलाच्या गुणांचं श्रेय शाळेला मिळत नाही, त्यातलाच प्रकार.

मुलीला राग आला, तिच्याच पैशांचा प्रश्न होता. तिने शोधाशोध करून २०१८ सालचा एक शोधनिबंध मला पाठवला आणि फोनवर त्यातलं मुद्द्याचं समजावून सांगितलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले बेंजामिन हार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी दोन सर्वेक्षणांत मिळून तीन हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं गोळा केली. शंभरातली सोळा कुत्री निदान सहा वेळा तरी शी खाताना दिसलेली. म्हणजे साधारण सहांत एक. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तोवर हे आमच्याच घराचं काही पाप आहे असा सासूबाईंचा सूर होता. कुत्र्याच्या वयाशी आणि काय खायला घालतो त्याच्याशी संबंध लागला नाही. लागला तो हावरेपणाशी, आणि घरात एकापेक्षा जास्त कुत्री असण्याशी. आणि गोळ्या-पावडरी मिळून ११ उत्पादनांबद्दल त्यांनी विचारलं होतं, त्यांचं यश शून्य ते दोन टक्के. माझा एक गुण म्हणजे दहा टक्के, तेव्हा मी मोठं मन केलं असंच म्हणायचं.

त्याच निबंधात एक तर्क आहे, तो मला आवडला. ही कुत्री खातात ती बहुतेक दोन दिवसांच्या आतली, ताजी शी. जंतांची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत, त्यांच्यातून बाधणाऱ्या अळ्या तयार व्हायला दिवस जातात. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. आजारी किंवा म्हातारा लांडगा गुहेजवळच घाण करणार, ती ताजी असतानाच खाऊन टाकली की गुहेत जंत पसरत नाहीत. म्हणजे उंडो सफाई करतोय. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग त्याला पगार दे, पण माझ्या तुळशीपाशी नको.”

आता घरगुती उपाय. एका शेजारणीने अननस सांगितला, त्याने शी आंबट होते म्हणून. आमच्याकडे अननसाला तोटा नाही. उंड्याने अननस चाटूनपुसून खाल्ला आणि शीही खाल्ली, जेवणावर फळ खावं तशी उलट्या क्रमाने. दोन गुण, निदान फळ तरी पोटात गेलं. दुसऱ्या शेजारणीने सांगितलं, शीवर तिखट टाक. घरात काणकोणहून आणलेली खोलची मिरची होती, ती २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, हुमणाला तिच्याशिवाय रंग येत नाही. तिची पूड मी कशावर टाकली हे आमच्या आईला कळलं असतं तर ती बोललीच नसती माझ्याशी. उंडो एकदा हुंगून जोरात शिंकला, नाक पंजाने पुसत अंगणभर फिरला. मला इतकं वाईट वाटलं, की पुन्हा केलं नाही. आणि तो फक्त एवढंच शिकला की तिखटाचा वास आला तर सोडायची, नाहीतर चटकन उरकायची. वर पाऊस, पूड पाच मिनिटांत धुऊन जाते. शून्य. आणि तिखटाच्या जागी कांदा-लसणाचा वाटलेला गोळा घाला असंही कोणी सांगतं, ते तर अजिबात करू नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी नासवतात.

तोंडाला बांधायची जाळी, ४५० रुपये. जाळीची, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतो, गोव्याच्या उकाड्यात तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी जीवघेणी. उंड्याने जाळीसकट तोंड शीत दाबलं. पुढचं वर्णन करत नाही. जाळी नवऱ्याने बागेतल्या नळाखाली धुतली आणि त्याच दिवशी माळ्यावर टाकली. शून्य.

व्हिडिओ कॉलवरच्या प्रशिक्षकाचे ७०० रुपये झाले, अर्धा तास. मुलगा गोड बोलणारा होता, कुठल्यातरी मोठ्या शहरातला. त्याने ‘छोड़’ हा शब्द शिकवायला सांगितलं. उंडो त्याच्याकडे फोनमध्ये पाहत राहिला, परदेशी पाहुणा आल्यासारखा. मी मध्येच म्हटलं, त्याला ‘सोड’ कळतं आणि ‘यो’ म्हटलं की येतो. मग पद्धत अशी: आधी कागदाचा बोळा, ‘सोड’ म्हटल्यावर सोडला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग पावाचा तुकडा, मग जरा मोहाच्या वस्तू. शेवटी खरा प्रसंग. शी झाली त्या क्षणी ‘यो’ म्हणायचं, तो तिच्याकडे वळायच्या आत माझ्याकडे वळला पाहिजे, बक्षीस माझ्या हातात, तोवर नवऱ्याने मागून उचलायची. त्या २०१८ च्या निबंधात ‘सोड’ शिकवून बक्षीस देण्याचं यशही चारच टक्के दिलंय, हे मी प्रशिक्षकाला सांगितलं नाही. पण आमच्याकडे ‘सोड’पेक्षा ‘यो’ जास्त चाललं. खाऊ नको हे त्याला कळत नाही, इकडे काहीतरी मिळतंय हे कळतं. तीन आठवड्यांत तो शी झाली की स्वतःच माझ्या खिशाकडे बघायला लागला.

मग त्याने त्यातही वाट काढली. एका शीचे तीन हप्ते. थोडी करायची, येऊन अंडं घ्यायचं, चार पावलं जायचं, पुन्हा बसायचं. नंतर नंतर तर नुसतंच बसायचं. वर्गात पाणी प्यायला जाऊ का, लघवीला जाऊ का म्हणून सारखं बोट वर करणारी मुलं मी पाहिलीत, हा त्यांचा गुरू. प्रशिक्षकाला सहा गुण.

सगळ्यात जास्त गुण फोंड्याच्या डॉक्टरांना. जायला मी उशीर केला, तो माझा दोष. आम्हाला वाटलं हा स्वभावाचा प्रश्न आहे, त्याला दवाखाना कशाला. तपासणीचे ४०० आणि शीच्या तपासणीचे २००, म्हणजे गोळ्यांपेक्षा अडीचशे कमी. फोनवरच त्यांनी सांगितलं होतं, “टीचर, येताना ताजी घेऊन या, डबीत.” मी रिकाम्या झालेल्या लोणच्याच्या बाटलीत घेऊन गेले. बसमध्ये मांडीवर ती बाटली आणि शेजारी माझ्याच शाळेची माजी विद्यार्थिनी, “बाई, लोणचं का?” मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्न विचारले, वीसेक मिनिटं. काय खातो, किती वेळा, शी कशी होते, वजन घटतंय का, पाणी जास्त पितो का, अंगाला खाजवतो का, कुठलं औषध चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात नवऱ्याने खिशातून पाकीट काढलं. मेच्या अखेरीस उंड्याला अंगभर खाज सुटली होती. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तेव्हा दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. खाज थांबली, गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू, म्हणून आम्ही तेच पाकीट दुकानातून परत आणत गेलो. जूनभर. कोणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरलं. प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड.

“याने भूक वाढते, टीचर. तहान वाढते, लघवी वाढते. आधीच हावरा कुत्रा, त्यात ही गोळी. तो उपाशी आहे असं त्याच्या डोक्याला सारखं वाटणार.”

मी म्हटलं, आजच बंद करते. ते जवळजवळ ओरडले. एकदम थांबवायची नाही. इतके दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतः बनवायचं ते कमी करतं, झटक्यात तोडलं तर कुत्रा आडवा होईल. डोस हळूहळू कमी करायचा कागद त्यांनी लिहून दिला, एक दिवसाआड कधी, अर्धी कधी, तारखांसकट. अक्षर सुवाच्य. डॉक्टराचं अक्षर मला वाचता आलं याचा वेगळा एक गुण दिलाय.

मग सूक्ष्मदर्शक. अंकुशकृमींची अंडी सापडली, मला त्यांनी भिंगातून दाखवलीही, पातळ कवचाची, लांबट गोल, आत दाणे. पावसाळ्यातल्या गोव्याच्या ओल्या, उबदार मातीत या जंतांचं चांगलंच फावतं. अंडं फुटून अळी मातीत वाढते आणि कुत्र्याच्या पायातूनही आत शिरते. माणसाच्या अनवाणी पायातूनही. माणसाच्या आतड्यापर्यंत ती सहसा पोचत नाही, कातडीखाली वाकडीतिकडी लाल रेघ काढत फिरते आणि भयंकर खाज सुटते. मला एकदम सासूबाईंचे पाय डोळ्यांसमोर आले. तुळशीपाशी चप्पल घालून त्या जन्मात जाणार नाहीत. तेव्हा अंगण त्यांच्या आंघोळीच्या आधी साफ झालं पाहिजे, हा नियम तिथेच दवाखान्यात ठरला.

जंताचं औषध वजनाप्रमाणे, पंधरा दिवसांनी परत, मग दर तीन महिन्यांनी. रक्ताची मोठी तपासणी त्यांनी करू दिली नाही, मीच विचारलं होतं. मुलीने कुठेतरी वाचलं होतं, की स्वादुपिंडातून पाचकरस कमी पडले तर अन्न न पचताच बाहेर येतं आणि कुत्रा ते पुन्हा खातो. डॉक्टर म्हणाले, हा आजार खरा आहे, जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसतो. पण तसा कुत्रा भरपूर खाऊनही वाळत जातो, शी ढीगभर, फिकट, तेलकट होते. “तुमचा उंडो बघा. हा वाळलाय का?” उंडो तेव्हा त्यांच्या टेबलाखालचा कापसाचा बोळा खात होता. तसं दिसलं असतं तर उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय नावाची तपासणी करायला लागली असती. दोन हजारांचं बिल व्हायची संधी असताना सहाशेवर सोडणारा माणूस मी इथेच पाहिला.

खाण्यावर मात्र बोलणी खाल्ली. आम्ही त्याला दुपारी आणि रात्री भात घालायचो, वर बांगड्याची डोकी उकडून ते पाणी. पोट टम्म. डॉक्टरांच्या मते तो भाताने फुगला होता, पोसला नव्हता. आता भात निम्मा, काटे काढलेला मासा किंवा अंडं किंवा कोंबडी, थोडा लाल भोपळा, आणि तेवढंच खाणं दोनाऐवजी तीन वेळा. तीन वेळांचा फायदा मला लगेच दिसला. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात त्याला लागते, म्हणजे तिन्ही वेळा कधी पाहायचं ते कळतं. शाळेच्या घंटेसारखं. सकाळी साडेसहा, दुपारी मी आल्यावर दोन, रात्री साडेआठ. डॉक्टरांना दहापैकी नऊ. एक कापला, कारण सव्वा तास बसायला लागलं आणि बाकावर शेजारी मांजर होतं.

तर उचलायचं कशाने. ५९९ रुपयांचा दांड्याचा चिमटा आणला होता, स्प्रिंग असलेला, वाकायला लागत नाही म्हणून. जुलैच्या पावसात तीन आठवड्यांत स्प्रिंग गंजली, नंतर जबडा उघडला की मिटेना. मिटवायला हात लावावा लागे, मग उपयोग काय? तीन गुण. त्याच सुमारास मागच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळीची झावळं पडली होती. झावळाच्या बुंध्याला रुंद, चामड्यासारखा भाग असतो ती विरी. लहानपणी आम्ही एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं असा खेळ खेळायचो. नवऱ्याने कोयत्याने तिचे हातभर तुकडे केले, एक टोक तिरपं छाटलं. एक तुकडा जमिनीला टेकवून धरायचा, दुसऱ्याने ढकलायचं. ओल्या चिऱ्यावरून, गवतातून, अगदी पातळ झाली असेल तरी स्वच्छ येते. काम झालं की विरीसकट खड्ड्यात, धुवायची भानगड नाही. खड्डा विहिरीपासून लांब, वर माती. परसातल्या भाजीच्या खतात ही टाकायची नाही हे डॉक्टरांनी बजावलंय, जंतांची अंडी तिथे टिकतात. फुकट, दहापैकी नऊ. एक यासाठी कापला, की चार दिवस पावसात भिजली तर लिबलिबीत होते, म्हणून सुक्या विऱ्या पडवीत आडोशाला रचून ठेवाव्या लागतात. शहरात राहणाऱ्यांनी जुनं वर्तमानपत्र वापरावं, मी काय सांगणार.

आज चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन पंधरा दिवस झाले. स्टेरॉइड बंद होऊन महिना होत आला, दुसऱ्या खेपेला शीत अंडी सापडली नाहीत. ताटली अजूनही झपाट्याने रिकामी होते, पण जेवणानंतर स्वयंपाकघराच्या दारात बसून रडणं थांबलंय. वहीत ऑगस्टमध्ये सात वेळा ‘खाल्ली’ आहे, सप्टेंबरात आतापर्यंत दोन. त्यातली एक चवथीच्या दिवशी, घरात २३ माणसं, कोणाचं लक्ष कुत्र्याकडे? सुटली असं मी म्हणणार नाही. एक वेळ चुकवली तर तो चुकवत नाही. त्याला मुलांचं तोंड मात्र चाटू देऊ नका असं मी आल्यागेल्याला सांगते, का ते सांगत नाही, फराळाच्या वेळी कशाला.

राहता राहिली डबी. मुलीने कंपनीला लिहिलं, उपयोग झाला नाही, पैसे परत करा. दोन दिवसांनी उत्तर आलं, दिलगिरी वगैरे, आणि उत्पादनाचा परिणाम न झाल्याचा पुरावा म्हणून कृपया स्पष्ट छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवावी. तिने मला विचारलं, आई, काय करू? मी म्हटलं, मागितलंय ना, दे. नवऱ्याने वृंदावनाच्या आडून ४० सेकंदांचं चित्रण केलं, सकाळच्या उजेडात, अगदी स्पष्ट. पार्श्वभूमीला सासूबाईंचा आवाजही आलाय. ते दुपारी पाठवलं. संध्याकाळी सहाच्या आत पूर्ण ८४९ रुपये परत आले, उरलेल्या २२ गोळ्याही त्यांनी परत मागितल्या नाहीत. ग्राहकसेवेला दहापैकी दहा.